उतारावरची सोनकी

सानिकाचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. एप्रिल उजाडला तरी विनिपेगमध्ये हे काम संपत नाही. एवढ्या सकाळी, वॉटर्लूहून, आधी मेसेज न करता थेट फोन... हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन कानाला लावला.  ती म्हणाली, “मावशी, बाबा इज गॉन.” भाची इथेच वाढलेली, मराठी समजतं पण बोलताना इंग्रजीच येतं. त्या दिवशी मात्र पुढचं सगळं ती मोडक्यातोडक्या मराठीत सांगत राहिली. आदल्या संध्याकाळी दाजी ग्रोसरी घेऊन दुकानातून बाहेर पडले, पिशव्या मागच्या सीटवर ठेवल्या, गाडीत बसले, बेल्ट लावला, आणि तिथेच गेले. पार्किंग लॉटमध्ये माणसं येत-जात होती. कुणाला वाटलं फोनवर बोलतायत, कुणाला वाटलं डुलकी लागली. दुकान बंद करणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं, तोवर पिशवीतलं दूध कोमट झालं होतं. हे दुधाचं सानिकाला पोलिसांनी का सांगितलं असेल, कोण जाणे. तिने मला सांगितलं, आणि आता ते माझ्याही डोक्यातून जात नाही.

जयवंतदाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, मेधाताईचे यजमान. आम्ही वाईच्या, ते कोरेगावकडचे. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात, आणि मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारली नाही. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, त्यातही मातीचे. जमिनीवर घर उभं राहील का, उतार टिकेल का, पाणी कुठून जाईल, हे बघणं त्यांचं काम. कॅनडात आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी वॉन नावाच्या उपनगरात काढली. तिथे गोदामं बांधायची म्हणून शेतं सपाट करून द्यायचं काम होतं. दाजी म्हणायचे, दिवसभर जमीन इस्त्री करतो. ताई दोन खोल्यांच्या बेसमेंटमध्ये छोट्या सानिकाला घेऊन बसायची आणि मला फोनवर सांगायची की इथे खिडकीतून लोकांचे पाय दिसतात. मग दाजींना कॅमलूप्सच्या एका लहान कंपनीत नोकरी लागली आणि तिघं देशाच्या त्या टोकाला गेले, ब्रिटिश कोलंबियात, दोन नद्यांच्या संगमावरच्या त्या कोरड्या गावात.

कॅनडा म्हटलं की हिरवी झाडी आणि निळी तळी डोळ्यांपुढे येतात. कॅमलूप्स तसं नाही. पाऊस बेताचा, उन्हाळा भाजून काढणारा, आणि चहूकडे उघडे बोडके तपकिरी डोंगर. त्यांच्यावर करडी, खुरटी झुडपं. ताई फेब्रुवारीत तिथे पोचली आणि रडलीच. म्हणाली, “अंजू, इथे सगळं करपलंय गं.” दाजींनी त्या झुडपाची एक काडी चुरगाळून तिच्या नाकाशी धरली. वास थेट दवण्याचा. ताईचं रडणं तेवढ्यापुरतं थांबलं म्हणे. पण खरी गोष्ट घडली एप्रिलच्या शेवटी. त्यांच्या घरामागे रस्ता संपायचा आणि टेकडी सुरू व्हायची. एका सकाळी ताईने स्वयंपाकघराचा पडदा सरकवला, तर तो करपलेला उतार पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिवळा. तिने दाजींना हाक मारली, आणि दाजी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून खिडकीशी आले. “सोनकी!” ते म्हणाले.

ती सोनकी नव्हती, हे दाजींना लगेच कळलं होतं. भाद्रपदात सह्याद्रीच्या पठारांवर येते ती सोनकी नाजूक, गुडघ्याएवढी. हे फूल तळहाताएवढं, लहान सूर्यफुलासारखं. पानं बाणाच्या टोकासारखी, हाताच्या पंजाहून मोठी, त्यांच्यावर रुपेरी मऊ लव. एकेका गड्ड्यातून डझनभर दांडे वर येतात आणि प्रत्येकावर एक फूल. इंग्रजी नाव बाल्समरूट. पश्चिमेच्या कोरड्या उतारांवर ते आपणहून येतं, इथले मूळ लोक पूर्वी त्याची मुळं भाजून खायचे. हे सगळं दाजींनी नंतर वाचून काढलं. पण घरात नाव राहिलं सोनकीच. सानिका तर शाळेतही सोनकीच म्हणायची आणि टीचरला ते कुठल्या भाषेतलं फूल आहे ते कळायचं नाही.

त्यानंतर प्रत्येक वसंतात रविवारी सकाळी दोघं टेकडी चढत. ताई डब्यात थालीपीठं घ्यायची, दाजी चहाचा थर्मास. मी मे महिन्यात गेले की मलाही नेत. दाजी फुलापेक्षा मुळाबद्दल जास्त बोलायचे. मातीचा माणूस ना! वर हातभर झाड, पण खाली सोटमूळ पुरुषभर खोल जातं. वणवा आला तर वरचं सगळं जळतं आणि पुढच्या वर्षी ते त्याच जागेवरून पुन्हा उगवतं. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. आधी ते नुसतं खाली खाली जात राहतं. एकदा त्यांच्या घरी गणपतीला जमलेल्या मंडळींत कुणीतरी म्हणालं, आपण म्हणजे मुळं उपटून इथे आणलेली झाडं. दाजी सहसा कुणाला तोडून बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, “आपण तिकीट काढून आलो. पीआरसाठी अप्लाय केलं. उपटलेल्या झाडाला कुणी काही विचारत नाही.” आणि मोदक आणायला आत गेले.

ताईचा आजार कळला तेव्हा तो फार पुढे गेलेला होता. त्या वर्षभरात मी जमेल तेव्हा जात होते. शेवटच्या वसंतात तिला टेकडी चढवेना, म्हणून दाजींनी तिचा पलंग स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवला आणि मधलं दार काढून टाकलं, म्हणजे पडल्या पडल्या खिडकी दिसावी. टेकडी पिवळी झाली, मग तपकिरी झाली, मग पांढरी. पुढच्या फुलांपर्यंत ताई थांबली नाही. तिची राख आम्ही नदीत सोडली, पण दाजींनी मूठभर मागे ठेवली होती. मे महिन्यात सानिका, मी आणि ते टेकडीवर गेलो. थालीपीठ खायला दोघं जिथे बसत, तिथल्या एका मोठ्या गड्ड्याभोवती त्यांनी ती राख पसरली. मंत्र नाही, काही नाही. नुसते उकिडवे बसून हाताने माती सारखी करत राहिले. टेकडी कुणाच्या तरी मालकीची होती, पण कुंपण नव्हतं आणि कधी कुणी हटकलं नव्हतं. आम्हाला ती आमचीच वाटायची.

दोन-तीन वर्षांनी मालकाने ती विकली. घेणाऱ्याला तिथे घरांची वसाहत करायची होती, आणि उतार कापून लॉट पाडायचं काम दाजींच्याच कंपनीकडे आलं. हे त्यांनी मला फोनवर हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, दाजी, तुम्ही नाही म्हणा, दुसरं कुणी करेल.  त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, मला नव्हे, स्वतःलाच समजावल्यासारखं. दुसरं कुणी करेल तर सगळी टेकडी कापेल. मी केलं तर निदान वरचा पट्टा राखता येईल. घरं खाली, वर नैसर्गिक उतार तसाच, तो धरून ठेवायला त्या झाडांची मुळं आहेतच. इंजिनिअर म्हणूनही तेच बरोबर आहे. आणि खरंच त्यांनी तो पट्टा राखला. नकाशात त्यावर एकही रेघ ओढू दिली नाही. मीटिंगांमध्ये भांडले, वरिष्ठांशी वाईटपणा घेतला. ताईचा गड्डा त्या पट्ट्यात होता.

त्या वर्षी खालच्या उतारावर यंत्रं चालली. दाजी रोज साइटवर असायचे. यंत्राच्या दातात आलेली मुळं त्यांनी पाहिली असणारच. घरं झाली, माणसं राहायला आली, ड्राइव्हवेवर बास्केटबॉलचे खांब उभे राहिले. वरचा पट्टा दर वसंतात पिवळा होत राहिला. दाजी वळसा घालून मागच्या बाजूने चढत आणि तिथे बसून येत. रविवारी फोनवर सांगत, आज इतकी फुलं होती, आज वारा फार होता. मला वाटलं, जमलं त्यांना... जे वाचवायचं ते वाचवलं.

मग एका हिवाळ्यात बर्फ फार पडला आणि मार्चमध्ये एकदम उष्मा आला. डोंगरातलं सगळं पाणी एकाच आठवड्यात खाली उतरलं. वरच्या ओळीतल्या घरांची बेसमेंटं भरली. एका घरामागची भिंत फुगली, तिथल्या बाईने लहान मुलांना घेऊन मोटेलमध्ये मुक्काम हलवला. तपासायला दाजींनाच पाठवलं. ते पट्ट्यावर जाऊन उभे राहिले, माती बघितली, वरून येणारं पाणी बघितलं. पुढचं त्यांनी त्या रविवारी मला सांगितलं, तेवढं शब्द न् शब्द लक्षात आहे.

“पाणी अडवायला चर काढावा लागणार, अंजू. आणि तो पट्ट्यातूनच जाणार. वरचा सगळा उतार कापून परत बसवायला लागेल.”

मी विचारलं, दुसरा काही मार्ग?

“आठवडाभर तोच शोधत होतो. नाहीये. खाली माणसं राहतात. मी सही केली.”

दुसऱ्या कुणाचा दोष असता तर ते त्याच्यावर चिडले असते, आणि चिडल्याने माणूस थोडा तरी सावरतो. इथे चिडायला कुणी नव्हतं. त्यांनीच पट्टा राखला, त्यांनीच तो मोडायचा कागद काढला, आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

काम ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होतं. मी सुट्टी काढून गेले. ऑक्टोबरात त्या झाडाचं वर काही उरत नाही, कागदासारखी वाळकी पानं वाऱ्यावर खडखडतात, एवढंच. दाजींनी कुदळ, फावडं आणि जुनी पोती घेतली आणि आम्ही वर गेलो. पहिला ताईचा गड्डा. ते बाजूने खणत गेले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मूळ मनगटाएवढं जाड, सालीवर भेगा, आणि ते खाली जातच होतं. दगडांच्या फटींतून, त्यांना वळसे घालत. दाजींचा शर्ट भिजला. मी म्हटलं, पुरे. ते म्हणाले, अजून थोडं. शेवटी कुठेतरी खाली ते कट्कन तुटलं. राळेचा दाट वास आला. तुटल्या जागी चिकट पाणी जमा होत होतं आणि दाजी त्यावर अंगठा दाबून बसले, जखमेतून रक्त येऊ नये म्हणून दाबतात तसे. मी दुसरीकडे बघितलं. दोन दिवस आम्ही खणत होतो. एकही मूळ अखंड निघालं नाही. सगळी तुटकी मुळं त्यांनी घरामागच्या अंगणात खोल खड्डे करून लावली. तिसऱ्या दिवशी यंत्र आलं. दाजी साइटवर गेले, कारण जायला हवं होतं.

पुढच्या वसंतात अंगणात काही पानं वर आली. दाजींनी मला फोटो पाठवले, फोटोखाली काही लिहिलं नव्हतं. जुलैपर्यंत ती पिवळी पडली आणि मग गेली. वरच्या उतारावर त्यांनी शरद ऋतूत बी टाकून बघितलं, मागच्या डोंगरावरून गोळा केलेलं. दुपानी रोपं आलीही, पण ती हरणांनी खाल्ली, आणि उरलेल्या जागेत काटेरी जांभळ्या फुलांचं बाहेरून आलेलं तण माजलं. मोडलेली जमीन त्याला आवडते. त्या तणाचं फूलही सोनकीच्याच कुळातलं, हे दाजींनी मला सांगितलं आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही. त्यानंतर त्यांनी बी टाकलं नाही.

नोकरी त्यांनी थोड्याच दिवसांत सोडली. सानिका त्यांना वॉटर्लूला बोलावत होती, मी विनिपेगला. ते दोघींनाही “बघू” म्हणायचे. रविवारचा फोन ठरल्यासारखा यायचा, पण त्यात हवामान आणि भाजीचे भाव यांपलीकडे काही नसायचं. डॉक्टरांनी हृदयासाठी गोळ्या दिल्या होत्या, त्या घेता का म्हटलं की घेतो म्हणायचे. सानिकाने सुचवलं की कुणाशी तरी बोला, इथे काउन्सेलर असतात, मराठी बोलणारेही मिळतात. एकदा गेले. परत आल्यावर सांगितलं, चांगला मुलगा होता, त्याने मला सांगितलं की तुमची चूक नव्हती... ते मला माहीतच होतं.

गेल्या डिसेंबरात मी शेवटची भेटले. त्यांनी माझ्यासाठी पिठलं केलं होतं, पातळ झालं होतं म्हणून कानकोंडे झाले होते. जेवण झाल्यावर खिडकीशी बसलो. बाहेर बर्फाखाली वसाहतीची छपरं आणि त्यांच्या मागे तो उतार, आता पायऱ्यापायऱ्यांचा, चराच्या कडेला दगड रचलेला. काम सुबक झालं होतं. त्यानंतर एकाही बेसमेंटमध्ये पाणी शिरलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून तेच म्हटलं.  दाजी उताराकडे बघत म्हणाले, “माणसाने आपल्या आवडीच्या जागेचा नकाशा काढू नये, अंजू.”  उठून त्यांनी भांडी घासायला घेतली, आणि मला हात लावू दिला नाही.

अंत्यविधीनंतर सानिका आणि मी त्यांची राख घेऊन कॅमलूप्सच्या घरी आलो. तिच्या मनात होतं की आईसारखीच बाबांचीही थोडी टेकडीवर ठेवावी. मी नाही म्हणू शकले नाही. आम्ही वसाहतीच्या शेवटच्या रस्त्याने वर गेलो, जिथे तो गोल वळून संपतो. वर जायला वाटच नव्हती, दाजींची मागची वाटही चरात गेली होती. घरांच्या कुंपणांना कुंपणं लागलेली, मागे चर, चराला जाळी. ताईची जागा कुठे असावी, ते आम्ही दोघी बोटांनी हवेत दाखवत राहिलो आणि आमचं जुळेना. मी म्हणत होते त्या निळ्या घराच्या मागे, ती म्हणत होती त्याच्याही पलीकडे. इतक्यात निळ्या घरातून एक बाई बाहेर आली. कडेवर मूल. तिने अगदी चांगुलपणाने विचारलं, आम्ही रस्ता चुकलो का, काही मदत हवी का. सानिकाने हातातली पिशवी कोटाआड घेतली. “नो, वी आर ओके,” ती म्हणाली. “जस्ट लुकिंग.” बाई म्हणाली, हो, इथून व्ह्यू छान आहे. आम्ही तिचे आभार मानले. गाडीत बसल्यावर सानिका स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडली.  दाजींची सगळी राख आम्ही नदीत सोडली. पाणी गढूळ होतं आणि वेगात होतं. क्षणात काही दिसेनासं झालं.

आता मे आहे. नदीपलीकडच्या डोंगरांवर फुलं आली असतील. त्यांचे फोटो बघायला मन घेत नाही.

घर आवरताना मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेला एक ब्रश सानिकाने टाकायच्या खोक्यात टाकला होता. तिच्या दृष्टीने तो बूट पुसायचा जुना ब्रश, केस एका बाजूने झिजलेले. पण दाजींची ती रीत होती. टेकडीवर जाण्याआधी दारात बसून ते बुटांचे तळवे घासायचे, म्हणजे गावातल्या तणांचं बी वर जाऊ नये. ताईचेही बूट तेच घासून द्यायचे, आणि ती एक पाय पुढे करून थर्मास सांभाळत उभी राहायची. टेकडी गेल्यावरही, नुसतं ग्रोसरीला जायचं असलं तरी, ते बूट घासूनच निघायचे. डिसेंबरात मी स्वतः बघितलं होतं. विचारलं नव्हतं. मी तो ब्रश खोक्यातून काढून सामानात घातला आणि इथे आणला. इथे तो माझ्या मागच्या दाराशी आहे. दार आपटलं की त्याच्या केसांतून थोडी करडी माती खाली पडते. ती टेकडीची आहे की वसाहतीच्या नव्या रस्त्याची, मला कळत नाही. चिमटीत धरून, बोटांवर चोळून ते सांगणारा माणूस आमच्या घरात एकच होता.